कुंकवाचा करंडा आणि कायदा

गेल्या आश्विनातील गोष्ट. आमच्या भागातील एका देवस्थानात नवरात्रात कुंकुमार्चनाचा सोहळा होतो. देवीच्या सहस्रनामातील प्रत्येक नामाबरोबर चिमूटभर कुंकू तिच्या चरणी वाहिले जाते, आणि सायंकाळी त्याच कुंकवाच्या पुड्या बांधून त्या सुवासिनींना प्रसाद म्हणून देण्यात येतात. हा सोहळा आटोपल्यावर काही दिवसांनी एक प्रौढ बाई देवस्थान समितीच्या अध्यक्षांकडे आल्या. त्यांच्या कपाळावर, ऐन कुंकवाच्या जागी, रुपयाएवढा काळसर डाग पडला होता. जागेला खाज होती, आणि त्वचारोगाच्या डॉक्टरांनी काही महिने कुंकू लावू नका असे सांगितले होते. बाई तक्रार करण्यास आल्या नव्हत्या. त्यांना फक्त विचारावयाचे होते, आणि विचारताना त्यांचा जीव संकोचला होता. "देवीचा प्रसाद बाधला, असे मी तोंडाने कसे म्हणू?" एवढे बोलून त्या गप्प राहिल्या.

अध्यक्षांनी ही हकीगत मला सांगितली आणि म्हणाले, "वकीलबाब, हा प्रश्न धर्माचा म्हणावा की कायद्याचा?"

मी त्या वेळी उत्तर दिले नाही. उत्तर देण्यासारखे मजपाशी काही नव्हते. पुढील काही आठवडे सवड मिळेल तशी मी कोश चाळले, वैद्यकीय नियतकालिकांतील लेख पाहिले आणि माझ्या व्यवसायाची पुस्तके नव्याने उघडली. त्यांतून जो इतिहास हाती आला तो केवळ त्या एका बाईंचा नाही, म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

आरंभ शब्दापासून केला पाहिजे, कारण या प्रकरणातील पहिली अदलाबदल शब्दाच्या आडच झाली आहे. संस्कृतात कुंकुम म्हणजे केशर. अमरकोशात त्याच्या पर्यायांत 'काश्मीरजन्म' असा शब्द येतो. त्यावरून ही वस्तू कोठून येत असे आणि किती मोलाची असेल, हे दोन्ही कळते. प्राचीन काव्यांतील नायिकांच्या अंगावरील कुंकुमलेप हा केशराचा लेप होय. परंतु कपाळावर रोज टिळा लावणाऱ्या लक्षावधी स्त्रियांना केशर कोठून परवडणार? कधीतरी, केव्हा ते नेमके सांगता येत नाही, केशराची जागा हळदीने घेतली आणि नाव मात्र केशराचेच राहिले. कुंकुमाचे कुंकू झाले. आपल्या गोव्याकडे त्याला पिंजर म्हणतात. तो शब्दही संस्कृतच, आणि त्याचा अर्थ तांबूस-पिवळा असा आहे. वस्तू बदलल्याची खूण मला त्या शब्दात अधिक प्रामाणिकपणे उमटलेली दिसते.

हळदीचे कुंकू करण्याची रीत आमच्या आज्यांच्या पिढीपर्यंत पुष्कळ घरांत माहीत होती. हळकुंडे निवडून घ्यावयाची, लिंबाच्या रसात टाकणखार आणि तुरटी घालून त्या पाण्यात ती भिजवावयाची, सावलीत वाळवावयाची, कुटावयाची आणि वस्त्रगाळ करावयाची. हळदीतील पिवळ्या द्रव्याचा टाकणखाराशी संयोग झाला की ते लाल होते. चुन्यासारख्या क्षाराच्या स्पर्शानेही ते लाल होते. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लागताच तो तांबडा दिसू लागतो, हा अनुभव कोणत्या गृहिणीला नाही? त्या साबणाच्या फेसात जे घडते तेच कुंकवाच्या वाडग्यात घडत असे. पंढरपूर आणि करमाळे तालुक्यातील केम ही गावे कुंकवाच्या धंद्यासाठी नावारूपास आली, तीही या कृतीच्या बळावर. ही कृती सर्वस्वी निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. हळदीचे वावडे असणारी माणसे क्वचित आढळतात, आणि क्षाराचे प्रमाण चुकले तर नाजूक कातडीला ते झोंबते. परंतु तिच्यातील प्रत्येक घटक स्वयंपाकघरात किंवा वाण्याच्या दुकानात डोळ्यांना दिसणारा होता, आणि करणारीचे कपाळ व लावणारीचे कपाळ बहुधा एकाच घरातले होते.

येथे गोव्याच्या इतिहासातील एक कागद आठवल्यावाचून राहत नाही. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक फर्मान काढून येथल्या ख्रिस्ती झालेल्या लोकांना त्यांच्या पूर्वजांच्या अनेक चालीरीती पाळण्यास मनाई केली. त्या मनाईत विवाहप्रसंगी अंगाला लावावयाच्या उटण्याचाही समावेश होता, आणि फर्मान लिहिणाऱ्याने त्या उटण्यातील वस्तू एकामागून एक मोजल्या आहेत : कुटलेले केशर, दूध, खोबरेल तेल, तांदळाचे पीठ आणि अबोलीच्या पानांची भुकटी. यातले केशर म्हणजे आपली हळदच असली पाहिजे, याविषयी मला शंका वाटत नाही. पोर्तुगीज भाषेतही हळदीला 'मातीतले केशर' अशा अर्थाचे नाव आहे. म्हणजे जी अदलाबदल आपल्याकडे झाली तीच त्यांच्या भाषेतही झाली. आपल्या भूमीत राजसत्तेने अंगाला लावण्याच्या पदार्थातील घटकांची यादी करून त्यावर बंदी घातल्याचे याहून जुने उदाहरण मला ठाऊक नाही. त्या यादीतील पाचही वस्तू आज कोणत्याही डॉक्टरापुढे ठेवल्या तर त्यांना तो फारशी हरकत घेणार नाही. बंदीला कारण अपायाचे नव्हते, आचाराचे होते. अपायाचा विचार करून घटकांवर बंदी घालणारा कायदा यावयास आणखी सव्वादोनशे वर्षे लागली. ती कथा पुढे येईल.

आता शेंदुराकडे वळू. कुंकू आणि शेंदूर या दोन वस्तू एक आहेत असे पुष्कळांना वाटते. रंग दोघांचा लाल म्हणून ही गल्लत होते. वस्तुतः त्यांचे कूळ सर्वस्वी निराळे आहे. शेंदूर ही वनस्पती नव्हे, धातू आहे. शिसे भट्टीत हवेवर तापवीत ठेवले की प्रथम त्याची पिवळी भस्मे होतात आणि अधिक तापविल्यावर ती नारिंगी-लाल होतात. तो शेंदूर. त्याच्या वजनाच्या शंभर भागांत नव्वदांहून अधिक भाग शिसेच असते. आणि ही गोष्ट आपल्या पूर्वजांना अज्ञात नव्हती. संस्कृतात 'नाग' या शब्दाचा एक अर्थ शिसे असा आहे, आणि अमरकोशाने सिंदुराचा पर्याय दिला आहे तो 'नागसंभव'. वैद्यकाच्या ग्रंथांत त्याला 'सीसज' असेही म्हटले आहे. शिशापासून जन्मलेले! माझ्या धंद्याच्या भाषेत बोलावयाचे तर अमरसिंहाने शेंदुराच्या डबीवर घटकाची चिठ्ठी चिकटवूनच ती आपल्या हाती दिली होती. आपण चिठ्ठी वाचण्याची भाषा विसरलो. (हिंगूळ ही आणखी तिसरी वस्तू, ती पाऱ्यापासून होते, आणि तिचा उपयोग रंगात व रसौषधींत होत आला आहे.)

मला विशेष वाटते ते असे की, मराठी मुलखाच्या जुन्या आचाराने या दोहोंत स्वच्छ सीमा आखली होती. कुंकू माणसाच्या कपाळाला आणि शेंदूर दगडाच्या देवाला. मारुती, गणपती, वेशीवरचा म्हसोबा, शेताच्या बांधावरचा अनामिक पाषाण यांना तेलात कालवलेला शेंदूर चढे. इंदूर-उज्जैनकडील आपल्या मंडळींना 'चोला चढविणे' हा शब्दप्रयोग परिचयाचा आहे. वर्षानुवर्षांच्या या लेपांचा थर किती जाड होतो, हे २०२२ साली वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदुराचे आवरण उतरविल्यानंतर तिचे मूळ रूप प्रकट झाले तेव्हा सर्वांनी पाहिले. दगडाला शेंदूर लावण्यामागे मूर्तीच्या रक्षणाचाही हेतू असावा असा माझा तर्क आहे, कारण याच द्रव्याचा लेप पुढे लोखंडी पूल आणि जहाजे गंजू नयेत म्हणून देण्यात येऊ लागला. उत्तरेत मात्र सिंदूर स्त्रियांच्या भांगात गेला, आणि ग्वाल्हेर-इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या काही कुटुंबांनीही तो स्वीकारला. तेथे ही सीमा पुसली गेली. आता तर देवळाबाहेरच्या दुकानात कुंकू, सिंदूर, अष्टगंध, गुलाल यांच्या पुड्या एकाच ताटात शेजारी शेजारी असतात आणि कोणत्या पुडीत काय आहे हे विकणारालाही ठाऊक नसते.

कपाळावरचा शेंदूर कातडीतून अंगात फारसा जात नाही, हे येथे न्यायाने सांगितले पाहिजे. शिशाची अशी भुकटी धड कातडीतून अत्यल्प शोषली जाते. धोका कातडीचा नसून बोटांचा आहे. कपाळाला लावलेले बोट पुढे तोंडात जाते, नैवेद्याला लागते, कडेवरच्या मुलाच्या ओठांना लागते. आणि भुकटी हवेत उडून श्वासातून जाते ती निराळीच. प्रौढाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे दहावा भाग रक्तात उतरतो. लहान मुलाच्या बाबतीत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकते. वाढत्या मेंदूवर त्याचा होणारा परिणाम कायमचा असतो, आणि शिशाची निर्धास्त अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे.

अशा स्थितीत बाजारातील सिंदुरात प्रत्यक्ष किती शिसे असते, याचा तपास अमेरिकेत न्यू जर्सी येथे झाला. तेथे आपल्या लोकांची वस्ती मोठी आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या तपासात ११८ नमुने होते : ९५ न्यू जर्सीतील दुकानांतून घेतलेले आणि २३ मुंबई-दिल्लीतून आणलेले. दर ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे अनुक्रमे ७९ व १८ नमुन्यांत सापडले. अमेरिकन सरकारने मर्यादा घालून दिली आहे ती दर ग्रॅममागे वीस मायक्रोग्रॅमची. ती गाठणारे किंवा ओलांडणारे नमुने तेथले १८ आणि आपल्याकडचे १० होते. मोजके नमुने होते, हे खरे. पण तेवीसांत दहा!

कुंकवाची गोष्ट निराळ्या वाटेने बिघडली. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने डांबराच्या अर्कापासून जांभळा रंग तयार केला, आणि त्यानंतरच्या अर्धशतकात अशा कृत्रिम रंगांची रांगच लागली. त्यांतील लाल रंग हळदीहून स्वस्त, भडक आणि एकसारखा येणारा होता. मक्याचे किंवा साबुकंदाचे सत्त्व, नाहीतर नुसती शंखजिऱ्याची भुकटी घ्यावी, तीत चिमूटभर रंग मिसळावा, की कुंकू तयार. हळकुंडे भिजविणे, वाळविणे, कुटणे हा सारा खटाटोप संपला. केशराची जागा हळदीने घेतली तेव्हा निदान एका वनस्पतीच्या जागी दुसरी आली होती. या वेळी वनस्पतीच नाहीशी झाली. नाव तिसऱ्यांदा तेच राहिले. ज्यांनी हे केले त्या कारखानदारांना मी सरसकट दोष देत नाही. स्वस्त कुंकू मागणारे आपणच होतो, आणि पुष्कळ रंग योग्य शुद्धतेचे असतील तर त्यांचा उपद्रवही होत नाही. परंतु कापड रंगविण्याचा रंग आणि कपाळाला लावण्याचा रंग यांतील भेद लाल भुकटीकडे नुसते पाहून कळत नाही.

डॉक्टरांच्या तो लक्षात आला. १९८६ साली सिंगापूरचे गोह आणि जपानचे कोझुका यांनी कुंकवाने कपाळावर काळे डाग पडल्याच्या रुग्णांविषयी लिहिले आणि 'ब्रिलियंट लेक रेड आर', 'सुदान १' यांसारख्या रंगांकडे बोट दाखविले. २००७ साली पुदुच्चेरीचे नाथ आणि थप्पा यांनी कुंकवापासून त्वचादाह झालेल्या ४६ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मधल्या काळात टिकली आली. आमच्या घरच्या वडीलधाऱ्या स्त्रिया कपाळाला आधी मेण लावीत आणि त्यावर कुंकू बसवीत; टिकलीने मेण आणि कुंकू दोन्ही हद्दपार केले. मग तिच्या मागच्या डिंकाची पाळी आली. १९९० साली बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, टिकलीच्या डिंकातील एक फेनॉल जातीचे द्रव्य कातडीचा रंगच नष्ट करते आणि टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग मागे ठेवते. अशा डागाला आपल्या समाजात कोणते नाव मिळते आणि त्यापायी एखाद्या लग्नाच्या मुलीच्या वाट्याला काय येते, हे सांगावयास नको. कोड नसताना कोडाचा शिक्का बसतो.

हे वाचताना मला आमच्या त्या बाईंचा काळा डाग डोळ्यांपुढे येत होता. त्यांच्या कुंकवात नेमके काय होते हे मी सांगू शकत नाही. पण 'देवीचा प्रसाद बाधला' असे म्हणण्याची जी भीती त्यांना वाटत होती, तिचे मूळ मला कळले. देवीने दिले ते बाधले नव्हते. देवीला वाहिले गेले तेच कोणी पाहून घेतले नव्हते.

आता कायदा. अंगाला लावण्याच्या वस्तूंविषयी राज्यकर्त्यांनी दीर्घकाळ डोळेझाक केली, आणि ती केवळ आपल्याकडेच नाही. शिशापासून होणारा सफेता चेहऱ्याला फासण्याची रीत युरोपात शतकानुशतके होती. १७६० साली मरण पावलेली कॉव्हेंट्रीची काउंटेस मारिया गनिंग ही सत्ताविसाव्या वर्षी त्याच लेपाने गेली असे तिच्या समकालीनांनी मानले. तरी कोणी कायदा केला नाही. अमेरिकेने १९०६ साली अन्न व औषधांचा कायदा केला तेव्हा त्यातही सौंदर्यप्रसाधने वगळली होती. १९३३च्या सुमारास 'लॅश ल्यूर' नावाच्या पापण्यांच्या रंगाने स्त्रियांचे डोळे गेल्याची प्रकरणे गाजली. सरकारपाशी ती वस्तू बाजारातून काढून घेण्याचा अधिकार नव्हता. तो १९३८च्या कायद्याने आला.

हिंदुस्थानात १९४० साली औषधांचा कायदा झाला. त्यात औषधेच होती. १९६२ साली त्यात दुरुस्ती करून सौंदर्यप्रसाधने घालण्यात आली आणि कायद्याचे नावही बदलले. प्रसाधनांविषयीच्या तरतुदी २७ जुलै १९६४ पासून अमलात आल्या. गोवा मुक्त होऊन तेव्हा अडीच वर्षे झाली होती. या कायद्याखालील नियमांनी प्रसाधनाला रंग आणण्यासाठी शिशाचे किंवा सोमलाचे संयुग वापरण्यास मज्जाव केला आणि रंगांतील शिशाची अशुद्धता दशलक्ष भागांत वीस भागांवर जाता कामा नये असे ठरविले. शुद्ध शेंदुरातील शिसे या मर्यादेच्या पंचेचाळीस हजार पट भरते. २०२० साली सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम आले. त्यांतही ही बंदी आहे आणि पाऱ्यावरही कडक मर्यादा आहे. भारतीय मानक ब्यूरोने कुंकू, सिंदूर आणि काजळ यांसाठी स्वतंत्र मानके केली आहेत. तेव्हा कायदाच नाही असे म्हणण्यास जागा नाही.

तरीही तेवीसांत दहा नमुने निघाले, ते कसे? अंमलबजावणीची शिथिलता हे कारण सर्वांना ठाऊक आहे. त्यावर मी शब्द खर्चीत नाही. माझे लक्ष कायद्याच्या दोन वाक्यांवर खिळले.

पहिले वाक्य व्याख्येचे. १९६२च्या दुरुस्तीने 'कॉस्मेटिक'ची जी व्याख्या घातली तिचा मथितार्थ असा : स्वच्छतेसाठी, सौंदर्यासाठी किंवा रूप पालटण्यासाठी मानवी शरीरावर चोळण्याच्या, ओतण्याच्या, शिंपडण्याच्या वा अन्य रीतीने लावण्याच्या उद्देशाने केलेली वस्तू. (साबण तेवढा प्रथम वगळला होता, तो अपवाद १९८२ साली काढून टाकला.) व्याख्येतील 'मानवी शरीर' हे शब्द पाहा. आपल्या कायद्यात देवता ही विधिमान्य व्यक्ती आहे; १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने मलिक घराण्याच्या प्रकरणात ते मान्य केले. देवी जमीन धारण करू शकते, वकील देऊ शकते, दावा लावू शकते. परंतु तिचा देह हा मानवी देह नव्हे. मारुतीला चढविण्यासाठी म्हणून विकलेला शेंदूर या कायद्याच्या दृष्टीने प्रसाधनच नाही, मग त्यात शिसे नव्वद भाग असो की नव्याण्णव. पुडीवर 'केवळ पूजेसाठी' असे दोन शब्द छापले की विकणारा व्याख्येबाहेर उभा राहू पाहतो.

माझ्या मते हा बचाव कुंकवाच्या बाबतीत टिकू नये. वस्तूचा उद्देश केवळ छापील शब्दांवरून ठरत नाही, लोकांच्या रूढ वापरावरूनही ठरतो. आणि देवीला वाहिलेले कुंकू आपल्या कपाळाला न लावणारी सुवासिनी मला कोणी दाखवावी. पूजेचे कुंकू आणि कपाळाचे कुंकू ही फारकत आपल्या आचारात कधीच नव्हती. पुडीवर ते शब्द छापणारालाही हे पुरते ठाऊक असते. शेंदुराबाबत मात्र मला इतक्या खात्रीने बोलता येत नाही, कारण तो खरोखरच दगडासाठी होता. पण मारुतीचा शेंदूर मुलाच्या कपाळाला लावण्याची चाल आहेच. आणि त्याहून मोठा प्रश्न आहे तो पुजाऱ्याचा. रोज पहाटे उघड्या हातांनी शेंदूर आणि तेल कालवणारा, तेच हात ओझरते धुऊन प्रसाद वाटणारा आणि जेवणारा तो मनुष्य या कायद्याच्या नजरेत कोठेच नाही. विशेष हे की, शिशाच्या विषबाधेला आपल्या कायद्याने फार पूर्वी ओळखले होते. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात व्यवसायजन्य रोगांचे एक छोटेसे परिशिष्ट होते, आणि त्यात शिशाची विषबाधा अगदी आरंभापासून होती. कारखान्याच्या दारात कायदा १९२३ साली पोहोचला, प्रसाधनाच्या दुकानात १९६४ साली. गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर तो अजून उभा आहे.

दुसरे वाक्य घटकांच्या यादीचे. प्रसाधनाच्या वेष्टणावर निर्मात्याचे नाव व पत्ता, परवान्याचा क्रमांक आणि मालाच्या खेपेचा क्रमांक असावा लागतो, तसेच शेकडा एकाहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. उत्तम तरतूद आहे. परंतु तिला एक पुस्ती जोडलेली आहे : घन पदार्थाची पुडी तीस ग्रॅमहून लहान असेल तर घटकांची यादी छापण्याची आवश्यकता नाही. साबणाच्या वडीला यादी आहे, मलमाच्या मोठ्या डबीला आहे. कुंकवाची पुडी मात्र दहा-वीस ग्रॅमचीच असावयाची. देशातील बहुसंख्य स्त्रिया ज्या वस्तूला दररोज, आयुष्यभर, एकाच जागी स्पर्श देतात, तिच्यात काय आहे हे सांगण्यातून कायद्याने विक्रेत्याला असे मोकळे केले आहे. लहान पुडीवर जागा नसते हे कारण मला समजते. पण त्याच पुडीवर देवीचे चित्र छापण्यास जागा कशी असते, हे समजत नाही. आणि यादी असती तरी अशुद्धता म्हणून आलेले शिसे तीत दिसले नसतेच, कारण ते कोणी 'घातलेले' नसते. त्यासाठी परीक्षाच हवी. कुंकू पाण्यावर टाकून पाहणे, लिंबू पिळून पाहणे इत्यादी ज्या घरगुती परीक्षा सांगतात, त्या फार तर हळदीविषयी काही सांगतील. शिशाविषयी त्या मूक आहेत. हळदीवरही डोळे मिटून विसंबण्याचे दिवस राहिले नाहीत. हळकुंडांना पिवळा तजेला येण्यासाठी शिशाचे क्रोमेट चोळले जात असल्याचे २०१९ साली बांगलादेशात उघडकीस आले.

हे सारे मी मार्गशीर्षात देवस्थान समितीच्या बैठकीत सांगितले. बैठक लांबली. एका वयोवृद्ध सभासदांनी विचारले की इतकी वर्षे कोणाला काही झाले नाही, ते आताच कसे झाले? मी म्हटले, "काका, झाले असेल, आपल्याला येऊन कोणी सांगितले नसेल." त्यावर ते रागावले नाहीत, त्यांनी मान हलविली आणि आपल्या धाकट्या बहिणीच्या कपाळाविषयी काहीतरी पुटपुटले. अखेर ठराव झाला तो असा की, अर्चनाचे कुंकू यापुढे परवानाधारक निर्मात्याकडूनच घ्यावे, त्याजकडून घटकांची यादी आणि शिशाच्या परीक्षेचा दाखला लेखी मागावा, आणि तो नोंदवहीला जोडावा. बाजूच्या मारुतीचा शेंदूर निराळ्या झाकणाच्या डब्यात ठेवावा व भाविकांच्या हाती देऊ नये. पुजाऱ्यांनी हातमोजे घालावेत अशी सूचना आली, ती त्यांनी साफ फेटाळली. "देवाला मोज्याच्या हाताने शिवू काय?" असे ते म्हणाले, आणि माझ्यापाशी त्याला उत्तर नव्हते. जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याचे, आणि शेंदूर कोरडा न चाळता आरंभीच तेलात भिजविण्याचे त्यांनी कबूल केले. शेंदुराचा एक नमुना प्रयोगशाळेत पाठविला आहे. अहवाल अद्याप यावयाचा आहे.

बाईंना अध्यक्षांनी स्वतः घरी जाऊन हे सर्व कळविले. त्यांचा डाग आता पुष्कळ फिकट झाला आहे. येत्या नवरात्रात अर्चनासाठी आपला स्वतःचा करंडा, आपल्या मावशींनी घरी केलेल्या पिंजरीचा, आणला तर चालेल काय, एवढेच त्यांनी विचारले. अध्यक्षांनी ते मला विचारले, मी पुजाऱ्यांना विचारले. पुजारी म्हणाले, आणा म्हणावे. वाटीभर जास्त आणा.